खाडीतील जिताडा आणि फ्लायची मासेमारी : मार्गदर्शकासह जाण्याची पूर्वतयारी

प्रस्तावना

पनवेलच्या खांदा कॉलनीतून समुद्र दिसत नाही. तथापि समुद्राचे पाणी तेथून फार दूर नाही. गाढी नदी ज्या खाडीला मिळते त्या पनवेल खाडीत दिवसातून दोनदा भरती येते आणि एके काळी याच भरतीवर मुंबईकडची गलबते पनवेल बंदराला लागत असत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या वसाहतीकरणात बंदराचे पनवेल मागे पडून स्थानकाचे व महामार्गाचे पनवेल पुढे आले. आज येथील बहुसंख्य सुशिक्षित रहिवाशांना लोकलचे वेळापत्रक पाठ असते, भरतीचे नसते. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता छंदाचा असला तरी त्याचा संबंध या विस्मरणाशी आहे.

खाऱ्या पाण्यात फ्लायने मासेमारी करणे, आणि तीही स्थानिक मार्गदर्शकाच्या सोबतीने करणे, हा प्रकार जगात अनेक ठिकाणी रुळलेला आहे. भारतात गळाच्या मासेमारीचे इंग्रजी साहित्य जुने आहे. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे 'दि रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. मात्र या परंपरेचा भर प्रामुख्याने नदीतील महसीरवर राहिला. मुंबईत पवई तलावाच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनने हा छंद जोपासला. तोही गोड्या पाण्यातला. खाऱ्या पाण्यातील क्रीडा-मासेमारीसाठी आजचा हौशी भारतीय अंदमानचा रस्ता धरतो. रायगड जिल्ह्याच्या खाड्यांत फ्लायचा प्रकार फारसा रुळलेला नाही. आश्चर्य असे की, ज्या माशासाठी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर दूरदूरचे हौशी लोक 'बारामुंडी' असे नाव घेत जमतात, तो मासा रायगडच्या घराघरांत माहीत असलेला जिताडाच होय. गोव्यात व मालवणकडे त्यालाच चोणक म्हणतात.

महाविद्यालयीन शिक्षकाने दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत असा एखादा दिवस काढावयाचे ठरविले, तर त्याने कोणती तयारी करावी, हे येथे मांडावयाचे आहे. या विषयावरील बहुतेक लेखन सामानाच्या यादीने सुरू होते व यादीनेच संपते. वस्तुतः सामान हा या तयारीचा सर्वांत सोपा भाग आहे. पाण्याची वेळ ओळखणे, ज्या माशाच्या मागे जावयाचे त्याचे आयुष्य जाणणे आणि नाव चालविणाऱ्याशी आधीच स्पष्ट बोलणे, या तीन गोष्टी अवघड आहेत व त्या दुकानात मिळत नाहीत.

फ्लायचे यंत्रशास्त्र

नेहमीच्या गळाला शिशाचे वजन किंवा जड आमिष असते आणि ते वजनच दोरीला ओढून नेते. फ्लाय म्हणजे गळाच्या आकड्यावर पिसे, केस व कृत्रिम धागे बांधून केलेले बनावट भक्ष्य. त्याला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. म्हणून येथे उलट व्यवस्था करावी लागते: दोरीच जाड व वजनदार असते आणि ती हवेत उलगडत जाऊन फ्लायला पुढे पोहोचविते. या दोऱ्यांना क्रमांक असतात. पहिल्या ३० फूट दोरीचे वजन ग्रेन या मापात मोजून हा क्रमांक ठरतो. आठ क्रमांकाच्या दोरीचे हे वजन २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरते. काठीलाही त्याच दोरीचा क्रमांक दिलेला असतो. खाडीतील जिताड्यासाठी आठ किंवा नऊ क्रमांकाची नऊ फुटी काठी पुरते. अंदमानच्या प्रवाळावरील मोठ्या माशांसाठी बारा क्रमांकाची लागते.

दोरी विकत घेताना ती उष्ण प्रदेशासाठी बनविलेली आहे ना, हे आवर्जून पाहावे. थंड पाण्यासाठीची दोरी कोकणातल्या उन्हात मऊ पडते, चिकटते आणि कड्यांतून सरकत नाही. जाड दोरीच्या टोकाला पारदर्शक बारीक दोरा जोडतात आणि जिताड्यासाठी त्याच्याही शेवटी फूटभर जाड दोऱ्याचा तुकडा घालावा लागतो. जिताड्याच्या गालफडाची कड वस्तऱ्यासारखी धारदार असते आणि त्याचे तोंड कानशीसारखे खरखरीत असते; बारीक दोरा तेथे टिकत नाही. गाठी घरीच, शांतपणे, शंभर वेळा बांधून पाहाव्यात. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी, अन्यथा घर्षणाच्या उष्णतेने दोरा कमजोर होतो. हलत्या नावेत, घामेजल्या बोटांनी, पहिल्यांदाच गाठ शिकणे शक्य होत नाही.

पाण्याची वेळ

पनवेल-उरण परिसरातील कोळी व आगरी समाजात भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. पक्षातील तिथीला पाऊणने गुणावे. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेले आणि दुपारी बाराच्या सुमारास ओसरलेले. दशमीला साडेसात. या रीतीत खगोलशास्त्र आहे. चांद्रमासाच्या तीस तिथींत भरतीची वेळ घड्याळाचे चोवीस तास फिरून येते, म्हणजे प्रत्येक तिथीला सरासरी ४८ मिनिटांनी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तोंडी गुणाकाराच्या सोयीसाठी तीन मिनिटांची सूट घेतलेली आहे इतकेच. पक्षाच्या अखेरीस ही चूक पाऊण तासापर्यंत साचते. शिवाय उधाणाच्या दिवसांत हे सरकणे सरासरीहून कमी असते व भांगाच्या दिवसांत जास्त. म्हणून दिवस निवडण्यासाठी तिथी आणि तास ठरविण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-कोष्टक, अशी विभागणी ठेवावी. कोष्टकातील वेळ मुंबई बंदराची असते. खाडीत आत जावे तसतशी भरती मागाहून पोहोचते. किती मागाहून, हे त्या त्या गावचा माणूसच सांगू शकतो.

उधाण आणि भांग हे दोन शब्द येथे विशेष महत्त्वाचे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती येते. अष्टमीनंतरच्या एकदोन दिवसांत भांग लागतो. मुंबई बंदरात उधाणाला भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरच्या घरात जाते. भांगाला ते त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. अंतर जितके जास्त तितका प्रवाह वेगवान आणि प्रवाह जितका वेगवान तितका तळाचा गाळ अधिक ढवळला जातो. फ्लोरिडा किंवा बहामाच्या उथळ, काचेसारख्या पाण्यात मासा आधी दिसतो व मग फ्लाय टाकली जाते. रायगडच्या खाड्यांत ते सहसा शक्य नाही. येथील पाणी मूळचेच गढूळ. उधाणात तर वीतभर खालचे दिसत नाही. भांगाला पाणी त्या मानाने निवळते, प्रवाह मंदावतो आणि माशाला फ्लाय पाहण्यास व पाठलाग करण्यास अवधी मिळतो. जाळ्याच्या मासेमारीला उधाण लाभते. फ्लायला भांग बरा.

आता सुटीचे गणित मांडता येते. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते, म्हणजे दिवाळी ही नेमकी उधाणाची. ज्यांना पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीच निघावयाचे असते त्यांची येथेच निराशा होते. कार्तिक शुद्ध अष्टमी ते दशमी हे दिवस मात्र भांगाचे. त्या दिवशी सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान पाणी भरते व नंतरचे सहा तास ओसरत राहते. याच वेळेला जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा मंद वाहत असतो. दुपारी खारा वारा सुटण्याच्या आत दोरी फेकण्याचे मुख्य काम आटोपते. ओहोटी, वारा व ऊन या तिन्ही गोष्टी एकाच सकाळी जुळून येतात. उन्हाळी सुटीत, विशेषतः मे महिन्याच्या उत्तरार्धात, दर्या खवळू लागलेला असतो. यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी १ जूनपासून असते, आणि त्याहून महत्त्वाचे कारण पुढे येणार आहे.

ओसरते पाणी का? रायगडच्या खाड्यांच्या कडेने खाजणे व खारबंदिस्तीची शेते आहेत. बांधांना ठिकठिकाणी उघाड्या आहेत. ओहोटी लागली की उघाड्यांतून आणि तिवरांमधल्या नाल्यांतून आतले पाणी खाडीत येते आणि त्याबरोबर कोळंबी, बोयटे, लहान मासळीही येते. जिताडा हा पाठलाग करणारा मासा नव्हे, दबा धरणारा आहे. तो अशा नाल्याच्या तोंडाशी, प्रवाहाच्या कडेला, तिवरांच्या मुळ्यांच्या किंवा जुन्या धक्क्याच्या दगडांच्या आडोशाला उभा राहतो. ऑस्ट्रेलियात पावसाळ्याअखेर पूरमैदाने निचरू लागतात तेव्हा तेथील मासेमार हीच जागा शोधतात. फ्लाय भर पाण्यात टाकून काही होत नाही. ती या आडोशापासून हातभर अंतरावर पडावी लागते.

खांदा कॉलनीतून निघणाऱ्यास पनवेल खाडी जवळची खरी, परंतु तळोजे औद्योगिक क्षेत्रातून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलेला आहे, हे लक्षात घेता धरमतर खाडी अधिक श्रेयस्कर ठरते. पाताळगंगा व अंबा या नद्या तिला मिळतात. पैकी पाताळगंगेत खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणारे सह्याद्रीवरचे पाणी बारमाही येते, त्यामुळे गोडे व खारे पाणी वर्षभर एकमेकांत मिसळत राहते. जिताड्याला असेच पाणी मानवते. या खाडीत डोलवीकडे जाणारे मोठे बार्ज चालतात. त्यांच्या लाटेने लहान होडी हेलकावते, तेव्हा उभे राहून दोरी फेकणाऱ्याने ताबडतोब खाली बसावे.

जिताड्याचे आयुष्य

शास्त्रीय परिभाषेत लॅटिस कॅल्कॅरिफर हे नाव असलेला हा मासा दोन पाण्यांत आयुष्य काढतो. पावसाळ्याच्या आगेमागे, खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात तो अंडी घालतो. पिले भरतीबरोबर आत येतात, खाजणांत, भातशेतांच्या कडेच्या डबक्यांत, नदीच्या गोड्या पाण्यापर्यंत पोहोचतात आणि तेथे वाढतात. रायगडमध्ये ही पिले पावसाळ्यात धरून गावतळ्यांत सोडण्याची रीत जुनी आहे. पेण-अलिबाग भागात तळ्यातला जिताडा पाहुण्याला खिलविणे किंवा भेट म्हणून धाडणे हे प्रतिष्ठेचे समजले जाते. प्रयोगशाळेत त्याचे प्रजनन थायलंडमध्ये १९७० च्या दशकात साधले. भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने ते १९९७ साली साधले. त्यापूर्वी भारतातले प्रत्येक तळे खाडीतून येणाऱ्या पिलांवरच अवलंबून होते.

या माशाचा सर्वांत विलक्षण गुण त्याच्या लिंगबदलात आहे. बहुतेक जिताडे प्रथम नर म्हणून वयात येतात. काही वर्षे नर म्हणून प्रजननात भाग घेतल्यावर, आणि साधारणपणे ८० सेंटिमीटरच्या पुढे वाढल्यावर, ते माद्या होतात. तात्पर्य असे की खाडीतील लहान जिताडे प्रायः नर आणि मोठे जिताडे प्रायः माद्या असतात. मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. नेहमीचा मत्स्यव्यवस्थापनाचा नियम सांगतो की लहान मासा सोडावा व मोठा ठेवावा. जिताड्याच्या बाबतीत हा नियम अर्धाच खरा आहे. केवळ मोठेच मासे काढत गेल्यास खाडीत नर उरतील, माद्या उरणार नाहीत. ज्या माशाबरोबर छायाचित्र काढण्याचा मोह सर्वाधिक होतो, तोच मासा खाडीला सर्वाधिक हवा असतो.

मे महिन्याचे दुसरे कारण हेच. तेव्हा पोटात अंडी भरलेल्या माद्या मुखाकडे सरकत असतात. शिवाय पाणी जितके ऊन तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. दमलेला मासा सोडला तरी वाचेल याची खात्री राहत नाही. दिवाळीनंतरची सहल ही केवळ माणसाच्या सोयीची नाही.

मैदानावरचा सराव

सहलीपूर्वी किमान महिनाभर, आठवड्यातून तीनचारदा, अर्धा तास सराव करावा. त्यासाठी पाणी लागत नाही. महाविद्यालयाचे मैदान पुरते. टोकाला आकडा न बांधता लोकरीचा रंगीत तुकडा बांधावा. चाळीस फुटांवर ताट ठेवून त्यात तुकडा पडेपर्यंत फेकत राहावे. दूर फेकण्याचा हव्यास व्यर्थ आहे. खाडीत चाळीस फुटांवर अचूक पडलेली फ्लाय सत्तर फुटांवर भरकटलेल्या फ्लायपेक्षा कितीतरी उपयोगी. सराव वारा असतानाही करावा. उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या उजवीकडून वारा येत असेल तर दोरी अंगावर येते आणि आकडा कानात किंवा मानेत रुततो. अशा वेळी दोरी डाव्या खांद्यावरून नेण्याची सवय लावून घ्यावी.

नदीतल्या ट्राउटच्या पुस्तकांवर शिकलेल्यांना एक सवय मोडावी लागते. मासा लागताच काठी वर उचलण्याची त्यांना शिकवण असते. खाऱ्या पाण्यात काठी दोरीच्या रेषेत ठेवून डाव्या हाताने दोरी जोरात मागे खेचावयाची असते. जिताडा तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो; पृष्ठभागाजवळ हे घडले तर 'डुब्ब' असा पोकळ आवाज होतो. त्या आवाजाने दचकून काठी वर गेली की फ्लाय तोंडातून निघून येते. सहकाऱ्याला दोरीचे टोक हातात देऊन, त्याने मधूनच अवचित हिसका द्यावा, असा सराव केल्यास ही सवय मोडते.

नाखव्याशी बोलणे

खाऱ्या पाण्यातील फ्लायच्या इतिहासात मार्गदर्शकाचे स्थान प्रथमपासून आहे. १९४७ साली फ्लोरिडात जो ब्रुक्स यांनी फ्लायने पकडलेल्या बोनफिशचा उल्लेख या प्रकाराच्या आरंभी नेहमी केला जातो. त्या वेळी त्यांची नाव जिमी अलब्राइट चालवीत होते. जाड दोरीला बारीक दोरा जोडण्याची जी गाठ आजही वापरली जाते ती या नावाड्याच्याच नावाने ओळखली जाते. रायगडच्या खाडीत हे स्थान नाखव्याचे आहे. त्याच्या दारावर मार्गदर्शक अशी पाटी नसते, आणि फ्लाय त्याने कदाचित पाहिलेलीही नसते. परंतु कोणत्या उघाडीचे पाणी आधी सुटते, कोठे पूर्वी धक्का होता व आता केवळ दगड आहेत, कोठे नाव रुतेल, हे त्याला ठाऊक असते.

हे ज्ञान सध्या कोणत्या स्थितीत आहे, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ साली सुरू झाले. भराव, तिवरांची तोड व प्रवेशबंदी यांमुळे उपजीविका गमावलेल्या परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई द्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिला. त्यानंतर अटल सेतू २०२४ साली खुला झाला. उलवे नदीचा प्रवाह वळवून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन २०२५ साली झाले. प्रत्येक भरावाने पाण्याची वाट थोडी बदलते, आणि पाण्याची वाट बदलली की वडिलांकडून मिळालेली जागांची माहितीही त्या प्रमाणात निरुपयोगी होते. ज्याला नव्या वाटा माहीत आहेत असा माणूस आजही जो रोज खाडीत जातो तोच.

त्याच्याशी निघण्यापूर्वी चार गोष्टी बोलून घ्याव्यात. सर्वांत नाजूक गोष्ट माशाच्या मालकीची. नाखव्याच्या दृष्टीने दहा किलोचा जिताडा म्हणजे बाजारातला मोठा पैसा. तो पकडून पुन्हा पाण्यात सोडणे हे त्याला थट्टेसारखे वाटू शकते, आणि ते स्वाभाविक आहे. 'मासा सोडणार आहोत' हे मासा हातात आल्यावर सांगणे अनुचित होय. आदल्या भेटीतच, 'नाखवा, दिवसाची मजुरी ठरवू या. मासा मिळो न मिळो, ठेवू किंवा सोडू, पैसे तेवढेच,' असे स्पष्ट सांगावे. ती रक्कम त्याच्या एका चांगल्या दिवसाच्या कमाईहून कमी असता कामा नये. मोठी मादी का सोडावयाची हेही त्याला सांगावे. पिले कमी झाल्याचे त्याने स्वतः पाहिलेले असते, त्यामुळे लिंगबदलाची हकिकत सांगितल्यावर पुष्कळदा तोच आपल्या आठवणीतील दाखले देऊ लागेल. या संभाषणात शिकविणारा कोण व शिकणारा कोण, हे प्राध्यापकाने आधीच ठरवून जाऊ नये.

दुसरी गोष्ट दिशेच्या भाषेची. सर्वत्र रूढ असलेला संकेत घड्याळाचा आहे. नावेचे नाक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, डावी नऊ. 'अकरावर, चाळीस फूट' असे मागून ऐकू आले की विचार न करता फ्लाय तेथे पडली पाहिजे. नाखव्याला हा संकेत समजावून, किनाऱ्यावरच दहा मिनिटे त्याचा खेळ करून पाहावा. फूट आणि हात यांत घोळ होऊ नये म्हणून नावेची लांबी हेच माप धरले तरी चालते. नाव काठीने हळूहळू पुढे ढकलीत न्यावी, नाल्याच्या तोंडाजवळ इंजिन लावू नये, हेही तेव्हाच ठरावे.

तिसरी, परवान्याची. मासेमारीच्या नौकेचा परवाना आणि प्रवासी नेण्याचा परवाना या भिन्न बाबी आहेत. ज्या नावेत बसावयाचे तिच्याजवळ काय आहे ते पाहावे. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाला असावे व ते अंगावर असावे. उरण-करंजा परिसरात बंदराची, नौदलाची व तेल प्रकल्पाची प्रतिबंधित क्षेत्रे आहेत. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यातील हल्लेखोर समुद्रमार्गे आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर ओळखपत्राची तपासणी कडक झाली आहे. ते जवळ ठेवावे आणि छायाचित्रे काढण्यापूर्वी नाखव्याला विचारावे.

चौथी, परतण्याची वेळ. ओहोटीच्या अखेरीस अनेक धक्क्यांना नाव लागत नाही आणि मग मांडीभर चिखलातून यावे लागते, किंवा पाणी येईपर्यंत उन्हात बसावे लागते. ही वेळ नाखवा सांगेल ती अंतिम मानावी. मासा लागत असला तरी.

अंगावरचे व पिशवीतले

येथे विस्ताराची गरज नाही. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी, घट्ट बसणारी जुनी पादत्राणे. खाडीच्या दगडांवर कालवे असतात व त्यांची कड पाय कापते. मधुमेह किंवा यकृताचा विकार असणाऱ्याने अशी जखम क्षुल्लक मानू नये, खाऱ्या पाण्यातील काही जंतू अशा व्यक्तींना गंभीर संसर्ग करतात. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. आकड्यांची उलटी टोके पकडीने आधीच दाबून ठेवावीत. माशाच्या व माणसाच्या दोघांच्याही अंगातून आकडा सहज निघतो.

चष्मा मात्र शोभेचा नाही. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश बव्हंशी आडव्या प्रतलात ध्रुवित असतो. लंबाशी सुमारे ५३ अंशांच्या कोनात तर तो जवळजवळ पूर्णच ध्रुवित होतो. ध्रुवक काचेचा चष्मा तेवढाच प्रकाश अडवितो आणि पृष्ठभागाखालचे दिसू लागते. गढूळ पाण्यात मासा दिसणार नाही, पण बुडालेला दगड, पाण्याच्या दोन रंगांची सीमा, लहान मासळीची खळबळ दिसते, आणि तेवढे पुरते. काच पिवळसर-तपकिरी असावी. हाच चष्मा उलट आलेल्या आकड्यापासून डोळेही वाचवितो.

एक वस्तू यादीत सहसा आढळत नाही: गरम पाण्याचा थर्मास. खाडीत शिंगाळा हमखास लागतो आणि त्याचा काटा बोटात गेल्यास असह्य वेदना होतात. पाकटाच्या शेपटीचेही तसेच. या माशांचे विष उष्णतेने निष्प्रभ होते. सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंशांपर्यंतच्या, गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवल्यास वेदना उतरते. त्यानंतर डॉक्टरकडे जावेच. चहा दुसऱ्या थर्मासात न्यावा.

मासा हाती आल्यावर

जिताडा लागला की तो प्रथम आडोशाकडे, म्हणजे तिवरांच्या मुळ्यांकडे धावतो. तेथे पोहोचू दिल्यास दोरा तुटतो आणि आकडा तोंडात घेऊन मासा निघून जातो. म्हणून पहिली काही क्षणांची ओढ निर्धाराने रोखावी. पुढचे काम लवकर आटोपावे. खेळविण्यातला आनंद लांबविणे हे माशाच्या प्राणांशी खेळणे आहे. हात ओले करून मग स्पर्श करावा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा संरक्षक चिकट थर निघतो. गालफडाच्या आत बोटे घालू नयेत. मोठा मासा केवळ जबड्याने उभा टांगू नये. त्याच्या स्वतःच्या वजनाने जबड्याला व मणक्याला इजा होते. एक हात पोटाखाली, एक शेपटीजवळ, आडवा, आणि शक्यतो पाण्यातच. छायाचित्र काढणाऱ्याने आधीच तयार असावे. मोजपट्टी नावेच्या कडेला चिकटविलेली असावी, म्हणजे मासा वर न काढता लांबी कळते. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या समुद्री माशांसाठी किमान आकार निश्चित केले आहेत. जिताड्याव्यतिरिक्त रावस, तांबोशी वगैरे जे काही लागेल त्याबाबत हे आकार आधी पाहून ठेवावेत.

सोडताना माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला धरून ठेवावे. कल्ले नियमित हलू लागले, शेपटीत जोर आला की तो आपणच हातातून निघतो. त्याआधी ढकलू नये. ओहोटी अजून चालू असेल, तर नाखवा काठी चिखलात रोवून नाव तेवढा वेळ स्थिर ठेवील. मग पाण्याकडे पाहून, पुढच्या नाल्यापर्यंत जाण्याइतकी खोली उरली आहे की परतावयास हवे, ते तोच सांगेल.